तीर्थ घेणारा हात

भाविक हो, दर्शन आटोपून आपण गाभाऱ्याबाहेर येता, तेव्हा पुजारी पळीभर तीर्थ आपल्या उजव्या तळहातावर घालतात. आपण ते श्रद्धेने प्राशन करता आणि ओला हात डोळ्यांना व मस्तकाला लावता. पाठोपाठ त्याच हातावर साखरफुटाण्यांचा प्रसाद पडतो आणि त्यातील दोन-चार दाणे कडेवरच्या लेकराच्या मुखात जातात. आपल्या आचारधर्माने तळहाताला पात्राचा मान दिला आहे. पंचपात्री चांदीची असो वा तांब्याची, तीर्थाचा शेवटचा मुक्काम भाविकाच्या तळहातावरच असतो.

हा हात तीर्थापर्यंत येण्यापूर्वी कोठे कोठे जाऊन आलेला असतो, याचा क्षणभर विचार करावा. पहाटे तो शौचकूपात गेला. नंतर एस.टी.च्या दाराची दांडी त्याने धरली, वाटेत चहा घेताना सुट्या पैशांची देवघेव केली, महाद्वाराशी पादत्राणे काढून फळीवर ठेवली आणि दर्शनबारीत दोन-तीन तास लोखंडी कठडा धरून तो उभा राहिला. त्या कठड्याला आपल्या आधी किती जणांचे हात लागले असतील याची गणती नाही. भ्रमणध्वनी तर दिवसभर हातातच असतो. मंदिरात शिरण्यापूर्वी बहुतेक भाविक नळाखाली हात-पाय ओले करतात हे खरे. पण हात ओला करणे आणि हात धुणे यांत अंतर आहे. त्या अंतराविषयीच हा लेख आहे.

हा विषय संस्थानच्या पुस्तिकेत यावा असे वाटण्यास एक पत्र कारण झाले. सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गृहस्थांचे अंतर्देशीय पत्र कार्यालयात आले. ते सहकुटुंब पौर्णिमेला दर्शनास आले होते व अन्नछत्रात महाप्रसाद घेऊन त्याच सायंकाळी परतले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दोन्ही मुलांना जुलाब व उलट्या सुरू झाल्या. धाकटीला रुग्णालयात ठेवून सलाईन लावावे लागले. पत्रात राग नव्हता. “आपल्याकडील पाणी एकदा तपासून घ्यावे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या लेकराला असा त्रास होणार नाही,” एवढीच विनंती होती.

आम्ही पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठविला. पाणी पिण्यास योग्य असल्याचा अहवाल आला. तेव्हा मी मोठ्या समाधानाने उत्तराचा मसुदा तयार केला की, संस्थानचे पाणी शुद्ध आहे, सबब आजाराचे कारण अन्यत्र असावे. मसुदा टंकलिखित होऊन सहीसाठी मेजावर आला, पण सही होईना. पुढच्या पौर्णिमेला मी पंगतीच्या वेळी हात धुण्याच्या जागेजवळ खुर्ची टाकून बसलो. दोन पंगती उठेपर्यंत जे पाहिले ते सांगण्यास आजही संकोच वाटतो. जेवण्यापूर्वी हात धुणारे थोडे होते, जेवल्यानंतर धुणारे जवळजवळ सर्व. साबण लावणारा मात्र एकही नव्हता, आणि त्याचे कारण भाविकांचा आळस हे नव्हते. तेथे साबण नव्हताच. नळ पाच, फरशी नवी, भिंतीवर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी. आणि साबण ठेवण्यासाठी साधा खणही नाही. प्रसाधनगृहाकडे एक वडी होती, ती कोरडी पडून तडकलेली, कारण तेथील नळाला पाणी येत नव्हते. पहिला मसुदा मी फाडला आणि त्या गृहस्थांना दुसरे पत्र लिहिले. त्यांच्या मुलांचा आजार आमच्याकडूनच गेला की वाटेतील उपाहारगृहातून, हे ठरविण्याचा मार्ग नव्हता. परंतु तो आमच्याकडून गेला नसेल, असे छातीवर हात ठेवून म्हणण्याची सोय उरली नव्हती.

साबण नेमके काय करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो रोगजंतूंना विषासारखा मारतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. आपल्या त्वचेवर तेलकट थर असतो आणि मळ व जंतू त्या थराला चिकटून राहतात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून नुसते पाणी त्यांच्यावरून घसरून जाते. साबणाच्या प्रत्येक सूक्ष्म कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे तेलाकडे ओढ घेणारे असते. आपण हात चोळतो तेव्हा तेलाकडचे टोक मळाला धरते, पाण्याकडचे टोक पाण्याला धरते आणि दोहोंच्या ओढीत मळ जंतूंसह सुटून वाहून जातो. काही विषाणूंभोवती मुळातच स्निग्ध आवरण असते. ते आवरण साबणाने फाटते व विषाणू निकामी होतो. २०२० साली आलेल्या कोरोनाचा विषाणू याच जातीचा. यावरून ध्यानात येईल की, काम साबणाइतकेच चोळण्याचेही आहे. साबण बोटांना टेकवून लगेच पाण्याखाली धरला तर त्या ओढाताणीला वेळच मिळत नाही.

आपल्या पूर्वजांजवळ साबण नव्हता, तरी चोळण्याचे महत्त्व त्यांनी जाणले होते. शौचानंतर डाव्या हाताला दहा वेळा आणि दोन्ही हातांना मिळून सात वेळा माती लावावी, असे स्मृतिकारांनी संख्येसह सांगून ठेवले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियम सांगितले आहेत. त्यांत संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान यांच्याही आधी पहिले नाव शौचाचे येते. पुढे मात्र या शुचितेचा आपल्या समाजात विपर्यास झाला, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सोवळे म्हणजे अमुकाचा स्पर्श न होणे, असा अर्थ रूढ झाला आणि हात स्वच्छ आहेत की नाहीत हा मूळ प्रश्न बाजूला राहिला. जंतूंना जात समजत नाही. सोवळे नेसलेल्या आचाऱ्याची नखे वाढलेली असतील, तर त्या सोवळ्याचा पंगतीला काही उपयोग नाही. आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. स्मृतिकारांनी मातीचा उल्लेख केला म्हणून आज कोणी उघड्यावरची माती हाताला लावू नये. आजच्या वस्तीलगतच्या मातीत सांडपाणी मुरलेले असते व जंतांची अंडीही असतात. साबण मिळत असताना तोच वापरावा.

हात दिसायला स्वच्छ असले म्हणजे झाले, असे वाटणाऱ्यांसाठी एक जुनी हकिगत आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या माता सुईणींच्या विभागाहून कितीतरी अधिक असत. ही गोष्ट शहरभर इतकी माहीत झाली होती की, पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून स्त्रिया हात जोडून विनवण्या करीत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन डॉक्टर तेथे नोकरीस होता. १८४७ साली त्याच्या एका वैद्य मित्राला शवविच्छेदन चालू असताना सुरीची जखम झाली आणि सूतिकाज्वरासारख्याच लक्षणांनी तो गेला. त्या दुःखात सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून थेट प्रसूतिगृहात येत. मृतदेहावरचे काहीतरी त्यांच्या हातांवरून मातांपर्यंत पोहोचत होते. त्याने दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याचे पाणी ठेवले आणि त्यात हात धुतल्याखेरीज कोणी रुग्णाला स्पर्श करू नये असा दंडक घातला. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरातील अठरा माता दगावल्या होत्या. जूनपासून ते प्रमाण दोनांच्या आसपास आले.

या माणसाचा सत्कार झाला असेल असे आपणास वाटेल. घडले उलटेच. आमच्यासारख्या सभ्य, विद्वान माणसांच्या हातांनी रोग पसरतो ही कल्पनाच अनेक वरिष्ठांना अपमानास्पद वाटली. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता, त्यामुळे त्याला कारण पटवून देता येईना. त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. १८६५ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात जखमेत विष भिनून त्याचा अंत झाला. कोणाला हात धुण्यास सांगितले की त्याला राग का येतो, हे ही हकिगत वाचल्यापासून मला समजू लागले आहे. आमचे सेवेकरी भाविकांना विनंती करतात तेव्हा “आमचे हात काय घाण आहेत?” हा प्रश्न हमखास येतो. व्हिएन्नाचे विद्वानही हेच विचारीत होते.

तीर्थयात्रा आणि रोग यांचा संबंध आपल्याकडे तर फार जुना आहे. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात पटकी, म्हणजेच कॉलरा, उद्भवली आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरली. पंढरीच्या वारीतही पटकीची भीती पिढ्यान्‌पिढ्या होती. यात्रेला निघण्यापूर्वी पटकीची लस टोचून घ्यावी लागे, ही आठवण सांगणारी वडीलधारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्या काळी पुष्कळांनी याला देवाचा कोप मानले. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कोलकात्यात या रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू ओळखला आणि तो तेथील एका तळ्याच्या पाण्यात दाखवून दिला. भोवतालचे लोक त्याच पाण्यात कपडे धूत व तेच पाणी पीत. रोग्याच्या विष्ठेतील जंतू पाण्यातून, अन्नातून वा हातांवरून दुसऱ्याच्या मुखात जातो, एवढाच त्या कोपाचा मार्ग होता. विषमज्वर, हगवण आणि पाण्यावाटे पसरणारी कावीळ यांचाही मार्ग हाच आहे. पाणी शुद्ध करण्याचे काम शासनाचे, नगरपालिकेचे व आमच्यासारख्या संस्थानांचे. हाताचा मार्ग मात्र ज्याचा त्यालाच बंद करावा लागतो. साबणाने हात धुण्याची सवय रुजली तर अतिसाराचे प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतील पाहणींतून दिसून आले आहे.

महाराष्ट्रात हा विचार खेडोपाडी नेणारे संत गाडगेबाबा यांचे नाव या ठिकाणी घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी जानोरकर हातात खराटा आणि खापराचे गाडगे घेऊन गावात शिरत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. यात्रेला आलेल्या गरिबाला निवारा आणि स्वच्छ जागा मिळाली नाही तर तो नदीकाठच घाण करणार, हे त्यांनी ओळखले होते. १९५६ साली बाबा गेले. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान महाराष्ट्र शासनाने २००० साली सुरू केले आणि कित्येक गावांनी त्यातून आपले रूप पालटले. बाबांच्या अंगावर चिंध्या असत. स्वच्छतेसाठी पैसा लागतो असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे छायाचित्र एकदा पाहावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हात दोन वेळा तरी साबणाने धुतलेच पाहिजेत, शौचानंतर आणि अन्नाला अथवा तीर्थ-प्रसादाला हात लावण्यापूर्वी. लहान मुलाची शी धुतल्यानंतरची वेळ पहिल्या प्रकारातच येते. बाळाची शी निरुपद्रवी असते हा आयाबायांचा समज चुकीचा आहे. हात ओले करून नळ बंद करावा, म्हणजे पाणी वाया जात नाही. मग फेस येईपर्यंत साबण लावून तळहात, हातांची मागील बाजू, बोटांच्या बेचक्या, दोन्ही अंगठे व शेवटी बोटांची अग्रे तळहातावर घासावीत. अंगठा आणि बोटांची अग्रे ही दोन ठिकाणे बहुतेकांकडून राहून जातात, आणि घास घेताना नेमकी तीच कामी येतात. चोळण्यास वीस सेकंद पुरतात. घड्याळ पाहण्याचे कारण नाही; आपल्या आराध्याचे नाम सावकाश वीस वेळा घ्यावे. बोटांत ग्रहांच्या अंगठ्या असतील तर त्या पुढे-मागे सरकवून त्यांच्याखालची जागा धुवावी. तेथे मळ किती साठतो हे प्रत्येकाने एकदा स्वतः पाहावे. धुतलेला हात स्वतःच्या स्वच्छ पंचाला वा रुमालाला पुसावा किंवा तसाच वाळू द्यावा. प्रवासभर वापरलेल्या पदराला अथवा धोतराच्या सोग्याला पुसल्यास केलेले श्रम वाया जातात. कोरोनाच्या काळात हातांना लावण्याचे मद्यार्कयुक्त द्रव घरोघरी आले. पाणी नसेल तेथे ते उपयोगी आहे, परंतु हाताला माती, तेल किंवा अन्न लागले असेल तर त्याचा गुण येत नाही आणि जुलाब-उलट्यांच्या काही जंतूंवर ते फारसे चालत नाही.

नखांविषयी वेगळे लिहावयास हवे. वाढलेल्या नखांखालचा मळ साबणानेही नीट निघत नाही. यात्रेस निघण्याच्या आदल्या दिवशी नखे काढावीत. अमुक वारी नखे काढू नयेत अशा समजुतीमुळे कित्येकांची नखे पंधरा-पंधरा दिवस राहतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उरलेल्या वारांपैकी एखादा ठरवून टाकावा.

अनवाणी चालण्याने पायांवर ताण येतो. मंदिरातून परतल्यावर पाय साबणाने धुवून बोटांमधील जागा कोरडी करावी, अन्यथा चिखल्या होतात. मधुमेही भाविकांनी तर रोज रात्री तळवे पाहून झोपावे, कारण त्यांना लहान जखम दुखत नाही आणि ती चिघळल्यावर लक्षात येते. नदीत स्नान करताना गुळण्या करू नयेत व साबण लावू नये. साबणाचे स्नान भक्तनिवासात करून मग नदीत बुडी घ्यावी. ओलेत्याने फार वेळ राहू नये. महिला यात्रेकरूंनी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकावेत. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर डबा ठेवलेला आहे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, आणि नळी तुंबली तर त्रास पुढच्या भगिनीलाच होतो.

इतके करूनही कोणास जुलाब सुरू झाले तर क्षारसंजीवनीचे पाकीट कार्यालयात विनामूल्य मिळते. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे व थोडे थोडे पाजत राहावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचातून रक्त पडले तर घरगुती उपाय करीत बसू नये, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. आजारी भाविकाने पंगतीत वाढण्याची सेवा त्या दिवशी करू नये, एवढे अगत्याचे सांगणे आहे.

शेवटी दात्यांसाठी दोन शब्द. संस्थानकडे पंखे, घड्याळे, बाके आणि फरशी देणारे दाते भरपूर आहेत, त्यांचे ऋण मोठे आहे. पंख्यावर नाव लिहिता येते, बाकावर कोरता येते. साबणावर नाव घालण्याची सोय नाही, आणि असती तरी ते पहिल्या पंगतीतच विरघळले असते. कदाचित म्हणूनच साबण देण्याचे कोणास सुचत नसावे. वर ज्यांचा उल्लेख केला त्या गृहस्थांनी माझे दुसरे पत्र मिळाल्यावर मनीऑर्डर पाठविली. खालच्या कोऱ्या जागेत “मुली बऱ्या आहेत. रक्कम साबणासाठी” इतकेच लिहिले होते. आमचे रोखपाल ती घेऊन माझ्याकडे आले. अन्नदान, अभिषेक, जीर्णोद्धार, गोशाळा यांपैकी कोणत्या खात्यात ती जमा करावी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या दिवशी कीर्द-खतावणीत “स्वच्छता साहित्य” असे नवे खाते उघडले. ते आजही चालू आहे. देणगी कक्षात या नावाने पावती मिळते. रोख देण्याऐवजी वस्तू द्यावयाची असल्यास साधा साबण किंवा द्रवरूप साबणाचा मोठा डबा आणावा. महागडा सुवासिक साबण नको, तो नळाजवळ एक दिवसही टिकत नाही. हात धुण्याच्या जागी आता प्रत्येक नळाशेजारी साबण ठेवलेला असतो. तो संपलेला आढळल्यास अन्नछत्राच्या दाराशी बसलेल्या सेवेकऱ्यास सांगावे, किंवा सरळ कार्यालयात यावे.